'त्सु'वरून कोणतं गाणं?

टोकियोत माझ्या मित्रमंडळींमध्ये कराओकेचा एक नियम रुळला आहे. खोलीत शिरल्यावर आधी चिठ्ठ्या काढायच्या. चिठ्ठीवर जपानी लिपीतलं एक अक्षर असतं, आणि ज्याला जे अक्षर येईल त्याने त्या अक्षराने नाव सुरू होणारं जपानी गाणं निवडून म्हणायचं. गाणं कुणाचं, कुठल्या काळातलं, याला बंधन नाही. माझा मामा पुण्यात वर्षानुवर्षं जपानी शिकवत आला आहे. तरुणपणी तो ओसाकात राहिला, तिथल्या छोट्या बारमध्ये जाडजूड छापील यादी चाळत गाणं शिकला, आणि एन्का या जुन्या वळणाच्या जपानी भावगीतांवर त्याचा फार जीव आहे. टोकियोतल्या निशी-कासाइला माझ्या घरी तो राहायला आला, शनिवारच्या बेतात चिठ्ठ्यांची अट आहे हे त्याला कळलं, आणि आमची जुंपली. आम्हा दोघांनाही हा विषय जवळचा आहे, म्हणून बोलणं जसं झालं तसंच इथे देते.

मामा : गाणं चिठ्ठीवर सोडायचं हे मला मान्य नाही. माणूस गायला उभा राहतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी असतं. दिवस कसा गेला, समोर कोण बसलंय, गळा आज कसा लागतोय, यातून गाणं ठरतं. ते ठरवण्याचा हक्क तू एका अक्षराला देऊन टाकतेस.

मी : अक्षर गाणं ठरवत नाही, मामा. ते फक्त सांगतं की आज या ओळीत शोध. त्या ओळीत शेकडो गाणी असतात. निवड तुझीच राहते.

मामा : कराओके जन्मलं कसं ते आठव. कोबेचा इनोउए दाइसुके बारमध्ये गाणाऱ्यांना साथ करायचा. एका छोट्या कंपनीच्या मालकाला सहलीत, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी, लोकांसमोर गायचं होतं. इनोउएला जाता येईना. मग त्याने त्या माणसाच्या आवडीच्या गाण्यांची साथ, त्याला झेपेल अशा पट्टीत आणि लयीत, टेपवर भरून दिली. त्यातून त्याला यंत्राची कल्पना सुचली आणि 1971 साली त्याने 11 यंत्रं बनवून कोबेतल्या बारमध्ये ठेवली. म्हणजे मुळात आहे काय, तर एका माणसाचं स्वतःचं गाणं, त्याच्या स्वतःच्या पट्टीत. तुझ्या चिठ्ठीत तो माणूसच उरत नाही.

मी : पट्टी आजही बदलता येते, बटण आहे. पण त्या वेळी टेपवर मोजकी गाणी असायची. निवडायला होतंच किती? 1992 साली टेलिफोनच्या तारेवरून गाणी पाठवणारी यंत्रं आली आणि यादी वाढत वाढत लाखोंच्या घरात गेली. आता गंमत अशी की इतकं सगळं हाताशी असताना लोक गातात तीच ती गाणी. गाणं निवडायला हातात टचस्क्रीनची पाटी असते, तिच्यावर आधी दिसते लोकप्रिय गाण्यांची क्रमवारी. माणूस पहिल्या पानावरून बोट हलवत नाही. शिवाय ऑफिसची मंडळी असली की आणखी एक पेच येतो. प्रत्येकाचं एक ठरलेलं गाणं असतं, ज्युहाचिबान...

मामा : अठरावं! किंवा ओहाको. काबुकीतल्या इचिकावा घराण्याने आपली म्हणून अठरा नाटकं निवडली होती, तिथून हा शब्द आला असं मानतात.

मी : हो. तर साहेबांचं जे ओहाको, ते हाताखालच्याने म्हणायचं नाही, हा न लिहिलेला नियम. साहेबांच्या वयाचं गाणं म्हणावं तर खुशामत दिसते, आपल्या वयाचं म्हणावं तर ते अवघडून बसतात. नवी मुलगी पाटी हातात घेते, पाच मिनिटं नुसती बघत राहते आणि पुढच्याला देऊन टाकते. हे मी अनेकदा पाहिलंय. तिला 'नि' अक्षर दिलं की ती मोकळी होते. तिच्या निवडीवरून तिला कुणी जोखत नाही, कारण निम्मी निवड चिठ्ठीने केलेली असते. तू म्हणतोस चिठ्ठीने माणूस उरत नाही. मला दिसतं की चिठ्ठीमुळे तो पहिल्यांदा तोंड उघडतो.

मामा : हे तू माणसांच्या अडचणीबद्दल बोललीस. ती अडचण मला मान्य आहे. पण गाण्याचं काय? गाणी अक्षराने लावणं हे यादी छापणाऱ्याचं काम. शोधायला सोपं जावं म्हणून त्याने तसं केलं. त्या क्रमाचा गाण्याशी काही संबंध नाही.

मी : तो क्रम तर आपलाच आहे, आणि मला हे तूच शिकवलंस! आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंच्या अभ्यासातून ही मांडणी जपानात तयार झाली. आपल्या चच्या जागी त्यांचा स आहे, पच्या जागी ह, कारण त्यांचा ह पूर्वी प होता. बाकी कंठापासून ओठांपर्यंत जाणारा तोच प्रवास, आणि मग य, र, व. मराठी माणसाला जपानी शब्दकोश उघडायला वेगळं शिकवावं लागत नाही असं तू वर्गात सांगायचास.

मामा : सांगायचो, आणि त्याच वर्गात हेही सांगायचो की जपान्यांनी तो क्रम रोजच्या व्यवहारात फार उशिरा घेतला. त्याआधी शतकानुशतकं त्यांचा क्रम होता इरोहा. सत्तेचाळीस अक्षरं, एकही पुन्हा न येता, आणि त्यांची मिळून एक पूर्ण कविता, सगळं नश्वर आहे असं सांगणारी. पोरं अक्षरं शिकायची ती कविता म्हणत. ओत्सुकी फुमिहिकोने 'गेनकाइ' हा आपला कोश 1889 ते 1891 या काळात काढला आणि शब्द लावले तुझ्या त्या पन्नास ध्वनींच्या क्रमाने. विचारवंत फुकुझावा युकिचींना ते रुचलं नव्हतं म्हणतात. करमणुकीच्या थिएटरात जोडे ठेवायचे बिल्लेसुद्धा इरोहाने लावलेले असतात, तिथे हा क्रम कसा चालणार, अशी त्यांची हरकत होती. माझं म्हणणं एवढंच, की पूर्वी क्रम हेच एक गाणं होतं. तू ज्या क्रमाचा अभिमान सांगतेस तो व्याकरणाचा क्रम आहे.

(इथे आपण मला अडवलं असं मामाला वाटलं. माझ्या मते इरोहाने माझीच बाजू भक्कम होते. जो समाज अक्षरं शिकतानाच कविता म्हणतो, त्याला अक्षर ऐकल्यावर गाणं आठवणं परकं कसं वाटेल?)

मी : बरं, मग करुता घे. 'ह्याकुनिन इश्शू'च्या शंभर कविता. शंभर कवींची प्रत्येकी एक. फुजिवारा नो तेइका यांनी तेराव्या शतकात निवडलेल्या. नवीन वर्षात जपानात हा पत्त्यांचा खेळ मांडतात, आणि बिवा सरोवराच्या काठी ओत्सूच्या ओमी देवळात जानेवारीत त्याच्या अजिंक्यपदाच्या लढती होतात. वाचणारा कविता वाचायला लागतो आणि खेळाडूने जमिनीवर मांडलेल्या पत्त्यांतून तिच्या उत्तरार्धाचा पत्ता उडवायचा. सात कविता अशा आहेत की पहिलं अक्षर कानावर पडताच कळतं कुठली ते : मु, सु, मे, फु, सा, हो, से. तिथे हात आधी पोचतो, अर्थ मागून येतो. आणि 'आ'ने सुरू होणाऱ्या कविता तब्बल सोळा, म्हणून 'आ' ऐकल्यावर हात रोखून धरावा लागतो. पहिल्या ध्वनीवरून गाणं ओळखणं या लोकांच्या अंगवळणी पडलेलं आहे. आमच्या चिठ्ठ्या त्याच परंपरेतल्या.

मामा : छान मांडलंस, आणि इथेच तू सापडलीस. करुतात पहिलं अक्षर कशाचं असतं? कवितेचं! त्या कवितांना नावंच नाहीत. पहिला उच्चार हीच कवितेची सुरुवात, कवीच्या श्वासातून आलेली. आपल्या गाण्याच्या भेंड्यांचंही तेच. 'म' आला की आपण म ने सुरू होणारा मुखडा म्हणतो, नाव शोधत नाही, कारण आपल्याकडे गाण्याला वेगळं नाव नसतंच, मुखडा हेच नाव. जपानी गाण्याला मात्र कवी वरून नाव ठेवतो, आणि ते नाव कित्येकदा गाण्यात मध्येच कुठेतरी येतं, किंवा येतही नाही. इशिकावा सायुरीचं 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी' घे, 1977 सालचं. तू ते 'त्सु'त शोधणार. पण गाणं उघडतं ते टोकियोच्या उएनो स्टेशनवरून सुटलेल्या रात्रीच्या गाडीतून उतरण्यापासून, आणि गाणारीच्या तोंडून पहिला स्वर 'उ' येतो. नावातली त्सुगारु सामुद्रधुनी कितीतरी पुढे येते. मग 'त्सु' कुणी म्हटला? यादीने म्हटला. गाणारीने नाही.

मी थोडा वेळ गप्प राहिले, कारण हा मुद्दा खरा आहे. सगळ्याच गाण्यांना तो लागू नाही. साकामोतो क्यूचं 1961 सालचं 'उए ओ मुइते आरुको', जे दोन वर्षांनी 'सुकियाकी' या भलत्याच नावाने अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, ते आपल्या नावाच्या शब्दांनीच सुरू होतं. पण मिसोरा हिबारीचं 'कावा नो नागारे नो यो नी' किंवा नाकाजिमा मियुकीचं 'जिदाइ' यांचं तसं नाही. नाव एकीकडे आणि तोंडातून निघणारा पहिला उच्चार दुसरीकडे.

मामा : आणि 'त्सु'चं निघालंच आहे तर सांगतो. त्याच ओळीत 'त्सुनामी' आहे. सदर्न ऑल स्टार्सचं, 2000 सालचं, त्या वर्षीचा रेकॉर्ड पुरस्कार मिळालेलं. प्रेमाचं गाणं. 2011च्या मार्चमधल्या भूकंप-त्सुनामीनंतर त्या मंडळींनी स्वतः ते मंचावर म्हणायचं थांबवलं, रेडिओवर लावायलाही लोक बिचकायला लागले. तुझ्या खोलीत कुणी त्या लाटांनी झोडपलेल्या मियागीचा असेल, चिठ्ठीत 'त्सु' येईल, आणि पाटीवर हे नाव डोळ्यांसमोर येईल. चिठ्ठीला माहीत नसतं खोलीत कोण बसलंय.

मी : चिठ्ठीला नसतं, मला असतं. ते नाव पाहून मी पुढे सरकेन आणि तुझ्या सामुद्रधुनीवर थांबेन, किंवा मियागीच्या मित्राला विचारेन. त्याला ते ऐकायचंही असेल. अक्षरामुळे माझी समज कुठे जाते?

मामा : मग अक्षराच्या ऐवजी ऋतू का नको? 'कोकिनश्यू' 905 सालचा. सम्राटाच्या आज्ञेने केलेला पहिला जपानी काव्यसंग्रह. त्यात कविता कशा लावल्यात? पहिली सहा प्रकरणं ऋतूंची : दोन वसंत, एक ग्रीष्म, दोन शरद, एक हिवाळा. पुढे विरहाच्या, प्रवासाच्या, आणि पाच प्रकरणं प्रेमाची. हायकू लिहिणारे अजूनही ऋतूंनी लावलेला शब्दसंग्रह जवळ बाळगतात. या देशाने गाणी लावायची स्वतःची रीत हजार वर्षांपूर्वी घालून दिली आहे. मार्चमध्ये फुलांचं म्हणावं, डिसेंबरमध्ये बर्फाचं. यात गाणाराही आहे, ऐकणाराही आहे, आणि खिडकीबाहेरचं झाडही आहे.

मी : मार्चमध्ये काय होतं सांगू? शाळा-कॉलेजांचे निरोप समारंभ, आणि प्रत्येक खोलीतून 'साकुरा', चेरीचा बहर. मोरियामा नाओतारोचं 2003चं, कोबुकुरोचं 2005चं, केत्सुमेइशीचंही 2005चंच, इकिमोनोगाकारीचं 2006चं. नाव एकच. ऋतूवर सोडलं की सगळे एकाच झाडाखाली जमतात. सुंदर गाणी आहेत, मीही म्हणते. पण 'सा'ची ओळ तेवढीच नाही. तिथेच 'सांगात्सु कोकोनोका' आहे, 9 मार्च ही तारीख आकड्यांत लिहिलेलं. तिथेच 'झानकोकु ना तेन्शी नो तेझे' आहे, 1995च्या इव्हँजेलियन मालिकेचं, कारण यादीत 'झा' 'सा'बरोबर बसतो. फूल, तारीख आणि नावातला क्रूर देवदूत एका ओळीत. कुठल्या ऋतूने यांना एकत्र आणलं असतं?

मामा : एकत्र आले म्हणून त्यांचा एकमेकांशी संबंध जुळला असं नाही.

मी : संबंध म्हणणाऱ्यांमुळे जुळतो. परवा एकीने 'आसु ए नो तोबिरा' म्हटलं, 2003चं. पडद्यावरचं नाव पाहून पलीकडचा म्हणाला, उद्याला आमच्या घरी 'आशिता' म्हणतात, आणि त्याने साकामोतो क्यूचं 1963चं 'आशिता गा आरु सा' लावलं. लिहिताना दोघांतही चिन्हं तीच, पण वाचन वेगळं, म्हणून यादीत जागा वेगळी. चाळीस वर्षांचं अंतर, आणि खोलीत ती दोन गाणी एकापाठोपाठ एक झाली. एक ऐकून दुसरं आठवलं, ते अक्षराच्या खेळामुळे.

आता मी 'रा'च्या ओळीकडे वळले. मला यादीतली सगळ्यात आवडती ओळ तीच. मूळ जपानी शब्द 'र'ने सुरू होत नाहीत. जे होतात ते चिनी वाटेने आलेले किंवा पाश्चात्त्य भाषांतून घेतलेले. शब्दसाखळीच्या खेळात म्हणूनच समोरच्यावर 'रु' टाकला की तो हैराण होतो. गाण्यांच्या यादीत याचा परिणाम असा की 'रा'च्या ओळीत जुनी निसर्गातली नावं जवळजवळ दिसतच नाहीत. तिथे दिसतं ते बाहेरून आलेलं जपान.

मी : बघ, 'रि'त 'रिंगो नो उता', सफरचंदाचं गाणं. युद्ध संपल्यानंतरचं पहिलं मोठं गाणं. 1945च्या ऑक्टोबरमध्ये पडद्यावर आलं, जानेवारी 1946मध्ये रेकॉर्ड निघाली. गाणारी नामिकी मिचिको, जिची आई 1945 सालीच टोकियोवरच्या हवाई हल्ल्यात गेली होती. 'रु'त 'रुबी नो युबिवा', माणकाची अंगठी, 1981चं, तेराओ आकिराचं. तुझ्या कुरोसावांच्या 'रान' सिनेमात थोरला मुलगा झालेला तोच. 'रो'त 'रोप्पोंगी शिंजू', 1984चं, अॅन लुईसचं. 'रा'त 'राबु स्तोरी वा तोत्सुझेन नी', 1991चं, ओदा काझुमासाचं, 'टोकियो लव्ह स्टोरी' मालिकेतलं. जळालेल्या शहरातलं सफरचंद, मग पैशाचे दिवस आणि माणकाची अंगठी, मग रोप्पोंगीच्या रात्री, मग दूरदर्शनवरचं प्रेम. हा क्रम कुणी लावला नव्हता. आम्हाला तो एका संध्याकाळी सापडला, कारण चौघांना रच्या चिठ्ठ्या आल्या होत्या.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने 'रिंगो नो उता'ची चाल गुणगुणली.

मामा : ठीक. अक्षरं राहू देत. पण नावाचं पहिलं अक्षर नको, गाण्याचं पहिलं अक्षर घ्या. छापील यादीत तेही असायचं. नाव, गायक, आणि शेजारी सुरुवातीचे शब्द, उताइदाशी. ते पुस्तक छापणाऱ्यालाही कळत होतं की लोकांना नाव आठवत नाही, तोंड कसं उघडायचं ते आठवतं. भेंड्यांसारखं खेळा, करुतासारखं खेळा. मग माझी हरकत नाही.

मी : तसं केलं तर माझी हरकत आहे. भेंड्यांत जे डोक्यात वर तरंगतंय तेवढंच बाहेर येतं. म्हणून तर प्रत्येक सहलीत 'म'वरून तीच चार गाणी होतात. ज्याची आठवण तल्लख, तो गातो, बाकीचे टाळ्या धरतात. नावांची ओळ डोळ्यांसमोर असली की वेगळंच घडतं. माणूस वरून खाली वाचत जातो आणि मध्येच थांबतो : अरे, हे मला येतं! आई स्वयंपाक करताना म्हणायची ते. त्या गाण्याची आठवण त्याने स्वतःहून कधीच काढली नसती. आपल्याला येतंय हेच तो विसरला होता. तू म्हणतोस गाणं मनातून यावं. मनात किती काय आहे हे आपल्याला ठाऊक कुठे असतं? मला ही ओळ वाचायला लावणं हवंय, आणि त्यासाठी नावच लागतं, कारण यादी नावांची आहे.

मामा : हे पटतं. ओसाकाच्या बारमध्ये ते पुस्तक चाळताना मला असं व्हायचं. शोधायला जायचो एक, बोट थांबायचं दुसऱ्यावर. पण ते पुस्तक होतं, दोन पानं समोर उघडी. तुमच्या पाटीवर लोक अख्खं नाव टाइप करतात आणि थेट तिथे पोचतात. शेजारचं काही दिसतच नाही.

मी : म्हणून तर आम्ही एकच अक्षर टाइप करायचं असं ठरवलंय. एक अक्षर, आणि मग ओळ सरकवत जायची.

मामा : मग निवडीला लावलेलं घड्याळही काढून टाका. अर्ध्या मिनिटात निवडा म्हणालात तर माणूस ओळखीचंच पहिलं नाव दाबणार, आणि पुन्हा तुझी ती क्रमवारीतली गाणी. ज्याला अक्षर आलंय त्याने ओळ पूर्ण वाचावी, तोवर बाकीच्यांनी खावं, प्यावं, बोलावं.

मी : मान्य. घड्याळ नाही.

मामा : आणि ओळ वाचून ज्याला आपलं असं काही सापडलं नाही, त्याने चिठ्ठी परत टाकावी. खेळ आहे म्हणून न येणारं गाणं कुणी म्हणू नये.

मी : हे मात्र नाही. त्याने अर्धवट येतंय असं एखादं निवडावं. ध्रुवपद त्याचं, कडवी ज्याला येतील त्याची. चार आवाजांत मिळून ते गाणं पूर्ण होतं.

मामा : अर्धवट गाणं सुरू करायचं? एन्कात ते चालत नाही. तिथे प्रत्येक कडव्यात एकाच बाईची गोष्ट पुढे जात असते. मधेच आवाज बदलला तर ती बाईच बदलली. यावर मी अडून बसणार आहे.

मी : बस. शनिवारी आठ जण येणार आहेत, त्यांतले दोघे त्या सामुद्रधुनीच्या काठच्या आओमोरीचे. त्यांच्यासमोर हाच मुद्दा मांड, आणि त्यांना विचार की सामुद्रधुनीच्या गाण्याला कितीजणांचे आवाज चालतात.